बाळाची तीनचाकी आणि मागचा दांडा

आमच्या धाकट्या नातवाचा पहिला वाढदिवस झाला आणि त्याच आठवड्यांत आमच्या घरांत एक नवाच प्रश्न उपस्थित झाला. समोरच्या घरच्या नातीला तिच्या आत्यानें एक लालभडक तीनचाकी आणून दिली होती. तिला वर छत्री, पुढें घंटा आणि मागें चांगला उंच दांडा असून, तो दांडा धरून तिची आई रोज सायंकाळीं तिला गणपतीच्या देवळापर्यंत फिरवून आणी. आमचा बाळ तेव्हां नुकताच भिंत धरून उभा राहूं लागला होता. ओट्याच्या कठड्याला धरून तो तें दृश्य मोठ्या गंभीरपणें पाही आणि गाडी वळणाआड झाली कीं भोकाड पसरी. तिसऱ्या रात्रीं जेवतांना ‘बाळालाहि एक आणून टाकावी’ यावर घरांतील आठहि माणसांचें एकमत झालें. आमच्या घरीं एकमत ही गोष्ट इतकी दुर्मिळ आहे कीं, तें झाल्यावर पुढें विचार करण्याचें कोणाला सुचत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पिशवी घेऊन बाजारांत गेलों.

सबंध आयुष्य ज्यानें शाळेंत संस्कृत शिकविलें त्यानें तरी असें करावयास नको होतें. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचें नांवच मुळीं एका खेळण्यावरून पडलेलें आहे. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून हट्ट धरतो. घरचें दारिद्र्य जाणणारी दासी रदनिका त्याला मातीची गाडी देते. ती त्याला नको असते. आणि वसंतसेना त्याचें रडें पाहून आपल्या अंगावरचे अलंकार काढून त्या मातीच्या गाडींत भरते. पुढें तेच अलंकार भर न्यायसभेंत मैत्रेयाच्या काखेंतून खालीं पडतात व चारुदत्त वधस्थानापर्यंत जाऊन पोंचतो. देवलांच्या संगीत नाटकामुळें ही कथा ज्यांना संस्कृत येत नाहीं त्यांनाहि ठाऊक आहे. शेजारच्या गाडीकडे पाहून मागितलेली गाडी माणसाला कोठवर नेते, हें मीं कितीतरी वर्षें वर्गांत समजावून सांगितलें असेल. पण नातवाच्या डोळ्यांत पाणी आलें कीं आजोबांची सारी विद्या पुस्तकांतच राहते.

दुकानांत दहा-बारा गाड्या टांगलेल्या होत्या. किंमती दीड-दोन हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत. मीं रंग पाहिला, घंटा वाजवून पाहिली, दांडा आहे ना एवढें पाहिलें आणि मधल्याहून जरा खालच्या किंमतीची एक गाडी घेऊन आलों. घरीं सर्वांना ती पसंत पडली. पहिले चार दिवस अंगणांत फिरविण्यांत गेले. पांचव्या दिवशीं मी बाळाला घेऊन देवळापर्यंत गेलों.

परत येतांना आमच्या बोळाच्या तोंडाशीं थोडा उतार लागतो. तेथें एक कुत्रें उजव्या बाजूस पळत गेलें. बाळानें तिकडे पाहिलें आणि दोन्ही हातांनीं हँडलहि तिकडेच फिरविलें. मी मागून दांडा सरळ ढकलीत होतों. पुढचें चाक आडवें झालें, माझा रेटा चालूच राहिला, आणि गाडी एका कुशीवर कलंडली. बाळाचा ओठ फुटला. पायडलें चाकालाच जखडलेलीं असल्यामुळें त्यांतील एकाचा मार त्याच्या घोट्याला बसला. मी त्याला उचलतों न उचलतों तोंच मागून आलेली एक मोटारसायकल आमच्यापासून दोन हातांवरून निघून गेली.

ओठाची जखम दोन दिवसांत भरली. परंतु पुढील दहा दिवस सायंकाळ झाली कीं बाळाला कोणी ना कोणी परसांत घेऊन जाई, किंवा त्याची दूध पिण्याची वेळ होई, किंवा त्याला झोंप येत असे. मला कोणी एका शब्दानें बोललें नाहीं. घरांतल्या वडील माणसाला न बोलण्याचे किती प्रकार असतात, हें ज्यांनीं अनुभविलें असेल त्यांना माझी स्थिति समजेल. मी एकटाच देवळापर्यंत जाऊन येऊं लागलों.

दुसऱ्या रविवारीं सकाळीं अंगणांत खडखडाट ऐकूं आला म्हणून बाहेर येऊन पाहतों, तों आमच्या सूनबाईंनीं ती गाडी उलटी करून ठेवली होती व हातांत पान्हा होता. त्या एका कारखान्यांत यंत्रांचे नकाशे काढण्याचें काम करतात. मला पाहून म्हणाल्या, “नाना, जरा इकडे या. चूक माणसाची किती आणि गाडीची किती, तें एकदां पाहून ठेवूं.” त्या सकाळीं मीं जें पाहिलें व पुढें दुसरी गाडी निवडतांना आम्हां दोघांना जें कळलें, तें ज्या घरांत असा प्रश्न निघण्याचा संभव आहे त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें लिहीत आहें.

त्यांनीं प्रथम देवघरांतील तिवई आणविली व शेजारीं स्वयंपाकघरांतलें चार पायांचें स्टूल ठेवलें. अंगणाच्या उंचसखल फरशीवर स्टूल डुगडुगत होतें, तिवई मात्र स्थिर होती. कारण तीन पाय जमिनीला एकदम टेंकतातच, चवथा मात्र अधांतरीं राहूं शकतो. तीनचाकी पाहून आपणांस ती स्थिर वाटते ती याचमुळें. पण नंतर त्यांनीं तिवईच्या दोन पायांमधल्या रिकाम्या कडेवर हात ठेवून दाबला, तों ती तत्काळ कलंडली. तीनचाकीचेंहि असेंच आहे. तिच्या चाकांखालीं जमिनीवर एक त्रिकोण कल्पावा. त्याचें टोंक पुढच्या चाकाखालीं व पाया मागच्या दोन चाकांखालीं. बसलेल्या मुलाचा भार त्या त्रिकोणाच्या आंत आहे तोंवर गाडी उभी. मूल हँडलावर ओणवलें कीं भार त्रिकोणाच्या निमुळत्या भागाकडे सरकतो. वळण घेतांना तो बाहेरच्या अंगास फेंकला जातो. आणि निमुळत्या जागीं कडेबाहेर पडावयास अंतर तें कितीसें? म्हणून बैठक जमिनीलगत असावी, मागचीं दोन चाकें एकमेकांपासून जितकीं दूर तितकीं बरीं, आणि बैठकीचा भार पुढच्या चाकापेक्षां मागच्या आंसाजवळ असावा. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांची जी मोठी संस्था आहे तिचाहि सल्ला बुटकी व मोठ्या चाकांची तीनचाकी घ्यावी असाच आहे. आमची गाडी दिसावयास ऐटबाज, म्हणजे उंच व अरुंद होती.

परंतु खरा दोष तो नव्हता. खरा दोष दांड्यांत होता.

ऋग्वेदांत अश्विनीकुमारांचा रथ तीन चाकांचा वर्णिलेला आहे हें पुष्कळांस ठाऊक असतें. चवथ्या मंडलांत ऋभूंनीं घडविलेल्या एका रथाचें वर्णन आहे तें याहूनहि चमत्कारिक आहे. त्याला तीन चाकें आहेत, घोडे नाहींत, आणि लगामहि नाहींत. त्या दिवशीं अंगणांत उलट्या पडलेल्या त्या गाडीकडे पाहतांना मला त्या रथाची आठवण झाली. देवांच्या रथाला लगाम नसला तरी चालत असेल. आमच्या गाडीचा लगाम तर एका वर्षाच्या मुलाच्या हातांत होता आणि मी मागून नुसता घोडा झालों होतों.

बाजारांत मिळणाऱ्या या गाड्यांना मागें दांडा असतो खरा, पण सगळे दांडे एक काम करीत नाहींत, ही गोष्ट दुकानांत कोणी आपण होऊन सांगत नाहीं. कांहीं गाड्यांत दांडा बैठकीच्या पाठीला नुसता खोंचलेला असतो. त्यानें गाडी पुढें जाते; वळवावयाची झाल्यास दांडा खालीं दाबून पुढचें चाक उचलावें लागतें. पुढचें चाक सर्वस्वीं मुलाच्या हँडलाच्या अधीन. आमची पहिली गाडी याच जातीची. दुसऱ्या जातींत दांड्यापासून एक सळई बैठकीखालून निघून पुढच्या चाकाच्या चिमट्यापर्यंत जाते. दांडा डावीउजवीकडे फिरविला कीं चाक त्याप्रमाणें वळतें. हें पुष्कळ बरें. मात्र यांतहि मुलाचें हँडल त्याच चिमट्याला पक्कें असेल तर मुलाचे हात व आपले हात यांची रस्सीखेंच चालते, आणि वर्षाच्या मुलाच्या मुठींत किती जोर असतो हें ज्यांनीं त्याच्या हातून किल्ल्यांचा जुडगा सोडवून घेतला आहे त्यांना सांगणें नलगे. म्हणून ज्या गाडींत मुलाचें हँडल एका खिटीनें चाकापासून सोडवितां येतें ती सर्वांत चांगली. मूल मनसोक्त हँडल फिरवितें, घंटा वाजवितें, आपणच गाडी हांकीत आहों अशा समजुतींत असतें, आणि चाक मात्र मागच्याचें ऐकतें. पुढें मूल मोठें झालें कीं तीच खिटी फिरवून हँडल खरोखरच त्याच्या स्वाधीन करतां येतें.

पायडलांचेंहि असेंच. या गाड्यांत पायडलें पुढच्या चाकाच्या आंसावरच बसविलेलीं असतात. सायकलप्रमाणें मध्यें सांखळी नसते. त्यामुळें मागून गाडी ढकलली कीं पायडलें आपोआप गरगर फिरूं लागतात, आणि बसलेल्या मुलाचे पाय त्यांच्यावर असले तर ओढले जातात, खालीं लोंबत असले तर मार खातात. चांगल्या गाडींत चाकाच्या मध्यभागीं एक कळ असते. ती दाबली अथवा फिरविली कीं चाक फिरतें, पायडलें स्थिर राहतात. शिवाय पाय ठेवण्यास मिटतां येण्यासारखी फळी असते. या दोन वस्तु नाहींत ती गाडी लहान मुलासाठीं घेऊं नये असें माझें स्पष्ट मत आहे, मग तिची छत्री कितीहि शोभिवंत असो.

दुकानांत हें पाहण्याची रीत सूनबाईंनीं मला शिकविली ती अशी. गाडीचें पुढचें अंग उचलून चाक हातानें फिरवावें व पायडलें फिरतात कां तें पाहावें. फिरत असतील तर कळ कोठें आहे तें विचारावें. कळ दाबून पुन्हां फिरवावें. नंतर गाडी जमिनीवर ठेवून एकानें हँडल घट्ट धरावें व दुसऱ्यानें मागचा दांडा फिरवावा. दांडा फिरवितांच चाक वळावयास हवें. दांडा दोन बोटें फिरला तरी चाक स्तब्ध असेल तर मधल्या सळईंत ढिलाई आहे असें समजावें, ती दिवसेंदिवस वाढतच जाते. दुसऱ्या खेपेस मी त्यांच्याबरोबर गेलों तेव्हां दुकानदार प्रथम जरा त्रासला. पण चवथी गाडी उलटी करूं लागल्यावर त्यानें स्वतःच एक सतरंजी आणून दिली.

आतां वयाविषयीं. मूल आधारावांचून नीट बसूं लागल्याखेरीज त्याला असल्या गाडींत बसवूं नये हें उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ मध्यें भारतासह पांच देशांतील मुलांची जी पाहणी प्रसिद्ध केली तींत निराधार बसणें सुमारें चवथ्या ते नवव्या महिन्यांत, आणि निराधार चालणें सुमारें आठव्या ते अठराव्या महिन्यांत येतें असें आढळलें आहे. हा काळ एवढा लांबरुंद आहे कीं, समोरच्या नातीचें पाहून आपल्या नातवाला बसविण्यांत अर्थ नाहीं. केवळ बसतां येणें निराळें आणि हलत्या गाडींत अर्धा तास ताठ बसणें निराळें; म्हणून वर्षाच्या आंत घाई करूं नये, आणि उत्पादकानें खोक्यावर वय व जास्तींत जास्त वजन छापलेलें असतें तें वाचावें. पायडल मारण्याची शक्ति व अक्कल मात्र बहुधा तीन वर्षांच्या सुमारास येते. याचा अर्थ असा कीं, वर्षाच्या मुलासाठीं घेतलेली तीनचाकी पहिलीं दोन वर्षें वस्तुतः तीनचाकी नसतेच, ती तीन चाकांची ढकलगाडी असते. तीं दोन वर्षें ती मागच्या माणसाची गाडी आहे. तेव्हां मुलाला शोभेल अशी पाहण्यापूर्वीं ढकलणाऱ्याला झेपेल अशी पाहावी.

आणि आमच्यासारख्या घरांत ढकलणारा कोण? मुलाचे आईबाप दिवसभर कामावर असतात. गाडीचा दांडा आजोबा-आजीच्याच हातीं येतो. समोरच्या घरीं आई ढकलीत होती, तिच्या उंचीला ती गाडी ठीक होती. मी उंच आहें. आमच्या पहिल्या गाडीचा दांडा माझ्या मांडीच्या जरा वर येई; देवळापर्यंत वांकून जाऊन आलों कीं रात्रीं कंबर धरी. तें मीं कोणाला सांगितलें नव्हतें, कारण आपण होऊन मागून घेतलेल्या कामाची तक्रार कोणत्या तोंडानें करावी? सूनबाईंना तें कसें कळलें कोण जाणे. त्यांनीं अंगणांत आम्हां सर्वांना ओळीनें उभें केलें, कोपर किंचित् वांकवून हात पुढें धरावयास सांगितला आणि भिंतीवर खडूनें खुणा केल्या. माझी खूण सर्वांत वर, आमच्या सौभाग्यवतींची सर्वांत खालीं. दोहोंत वीतभर अंतर. ज्याचा दांडा वरखालीं सरकवितां येतो व या दोन्ही खुणांना पुरतो अशीच गाडी घ्यावयाची असें ठरलें. उंची पाहतांना आणखी एक गोष्ट लक्षांत आली. कांहीं गाड्यांचा दांडा इतका उभा असतो कीं, चालतांना आपलें पाऊल मागच्या आंसावर आदळतें. दुकानांत दोन पावलें ढकलून हें कळत नाहीं; चांगलीं वीस पावलें, नेहमींच्या चालीनें, नेहमींच्या चपला घालून चालून पाहावें. लोक हंसतात. हंसूं द्यावें.

चाकांविषयीं फार लिहीत नाहीं. कडक प्लॅस्टिकचीं चाकें स्वस्त, पण बोळांतून गेलीं कीं खडखडाट एवढा कीं झोंपलेलें मूल जागें व्हावें, आणि गुळगुळीत फरशीवर तीं घसरतात. हवेच्या चाकांनीं धक्के बसत नाहींत, पण तीं पंक्चर होतात व हवा भरीत राहावी लागते. रबराचा अथवा फेंसाळ प्लॅस्टिकचा जाड थर असलेलीं भरीव चाकें आमच्यासारख्या रस्त्यांना बरीं. झिजतात, पण दोन-तीन वर्षें सहज टिकतात. मागच्या चाकांना पायानें दाबावयाचा अटकाव असला तर अवश्य घ्यावा. उतारावर गाडी उभी करून क्षणभर हात सोडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. अटकाव असला तरीहि तो करूं नये तो नाहींच.

पट्टा मात्र नीट पाहावा. नुसती कमरेची पट्टी पुरत नाहीं, मूल तिच्याखालून घसरतें. दोन्ही खांद्यांवरून, कमरेच्या दोन्ही बाजूंनीं व पायांच्या मधून येणारे पट्टे एकत्र अडकतात तो प्रकार चांगला. भोंवतालचें गोल कडें हा आधार आहे, पट्ट्याच्या ऐवजीं नव्हे. मागें सामानाची टोपली असते तींत पाण्याची बाटली व एखादें दुपटें ठेवावें. देवळाहून येतां येतां भाजीची पिशवी दांड्याला अडकविण्याची आम्हां मंडळींना संवय. ती फार वाईट. दांडा हा लांब तरफेसारखा असल्यामुळें दोन किलो वांगीं हलक्या मुलाला गाडीसकट मागें उलथवूं शकतात. आमच्या सौभाग्यवतींनीं हें मान्य करावयास दोन महिने घेतले.

छत्री उन्हासाठीं असते. तिला घुंगरू, आरसे, दिवे लावलेले असतात ते खपासाठीं असतात. ‘एकाच गाडीचीं चार रूपें’ असें खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलें असलें तर भाळूं नये. त्यांतील पहिलें रूप, म्हणजे लहान मुलाला बसवून मागून ढकलण्याचें, आणि शेवटचें, म्हणजे दांडा काढून मुलाच्या स्वाधीन करण्याचें, हीं दोन नीट जमतात कीं नाहीं एवढेंच पाहावें. मधलीं दोन बहुधा छत्री काढणें व कडें काढणें हींच असतात. एक खूण मात्र प्रत्येक गाडीवर शोधावी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें आय. एस. आय. चिन्ह असणें सक्तीचें झालें आहे. चिन्हाखालीं परवान्याचा क्रमांक असतो. कडा धारदार नाहींत, लहान भाग निखळत नाहींत, रंगांत विषारी धातु मर्यादेबाहेर नाहींत अशा गोष्टी त्या मानकांत तपासावयाच्या असतात. आपल्याला दुकानांत रंग चाटून पाहतां येत नाहीं. मुलें मात्र पाहतात.

दुसरी गाडी घरीं आली ती पहिलीच्या अडीचपट किंमतीची होती. मीं पहिलीचे पैसे फुकट गेले म्हणून हळहळलों, तेव्हां सूनबाई म्हणाल्या, “नाना, ती शिकवणीची फी समजा.” आयुष्यभर मीं कोणाकडून शिकवणीची फी घेतली नाहीं, ती अशी द्यावी लागली.

यानंतर एक वाद उरला तो आजीनें काढला. गाडी आल्यापासून बाळ पाय उचलीनासा झाला. दार उघडलें कीं गाडीकडे बोट. तोंवर तो दोन-चार पावलें टाकूं लागला होता. आमच्या माळ्यावर एक सागवानी पांगुळगाडा आहे. माझ्या आजोबांनीं तो सुताराकडून करविला होता, आणि मी व माझे वडील त्यावरच चालावयास शिकलों. आजीनें तो खालीं काढविला, तेलपाणी केलें आणि बाळासमोर ठेवला. त्यालाहि तीनच चाकें आणि त्यालाहि धरावयास दांडी. पण तेथें दांडी मुलाच्या हातीं असते व पाऊलहि मुलाचेंच असतें. कोणी याची तुलना त्या गोल ‘वॉकर’शीं करूं नये, ज्यांत मुलाला मधोमध लोंबकळत ठेवतात. त्यांतून जिन्यावरून कोसळण्याचे प्रकार इतके घडले कीं कॅनडानें २००४ मध्यें त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाड्याजवळहि माणूस हवें, पण त्यांत मूल आपल्या पायांवर उभें असतें व केव्हांहि हात सोडून खालीं बसूं शकतें.

आजीनें नियम घातला: देवळाकडे जातांना चालत, येतांना गाडींत. पहिले कांहीं दिवस चार घरें ओलांडण्यास अर्धा तास लागे. रिकामी गाडी मी ढकली, पुढें बाळ आणि त्याचें बोट धरून आजी. लोक विचारीत, “मास्तर, गाडी कोणासाठीं?” हळूहळू चार घरांचीं दहा झालीं. कधीं तो हट्टानें रस्त्यांतच बसे, आणि मग आजीचाहि नियम वितळे. पण एकंदरींत तो पाळला गेला. हमरस्त्यावर आम्ही गाडी नेत नाहीं. बोळ, देवळाचें आवार आणि नदीकांठची फरसबंदी, एवढ्यांतच तिचा संचार. मोटारींच्या धुराच्या नळ्या बरोबर त्या बैठकीच्या उंचीवर असतात हें एकदां खालीं बसून पाहिल्यावर हमरस्त्याची इच्छाच राहत नाहीं.

आतां बाळ तीन वर्षांचा झाला आहे. गेल्या महिन्यांत सूनबाईंनीं चाकाची कळ फिरवून पायडलें जोडलीं व खिटी लावून हँडल चाकाशीं जखडलें. पाय ठेवण्याची फळी मिटली. डोक्याला लहान मापाचें हेल्मेट आणलें. त्याला तो पगडी म्हणतो. पहिले आठ दिवस त्यानें पायडलें उलटींच मारलीं आणि गाडी मागें येऊन माझ्या पायांवर चढे. नंतर एका संध्याकाळीं अंगणांत, मी दांडा धरून मागें उभा असतां, गाडी माझ्या हातांना ओढूं लागली. मीं ढकलीत नव्हतों. ती आपण होऊन चालली होती. मी तसाच दांडा धरून मागोमाग गेलों. वळणाशीं बाळानें हँडल फिरविलें, आणि मला जुनी संध्याकाळ आठवून माझे हात आपोआप घट्ट झाले. गाडी अडली. तो मागें वळून म्हणाला, “आजोबा, सोडा ना.”

ओट्यावरून सूनबाई पाहत होत्या. त्याहि म्हणाल्या, “सोडा नाना, मी पाहतें आहें.”

मीं सोडला. तो तुळशीवृंदावनाला वळसा घालून, मध्यें एकदां भिंतीला धडकून, पुन्हां माझ्यापर्यंत आला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दांडा काढून माळ्यावर पांगुळगाड्याशेजारीं ठेवला. त्याचे दोन स्क्रू सूनबाईंनीं एका चिंधींत बांधून दांड्यालाच अडकविले आहेत; आमच्या धाकट्या चिरंजीवांकडे श्रावणांत पाळणा हलावयाचा आहे.